नाल्याच्या काठातली हाडं

आज जरा लांबच्या रानाची गोष्ट. पण माती आणि पाण्याची आहे, म्हणून आपल्या कामाची.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात रॅटन गावाजवळ जॉन्सन मेसा नावाचं पठार आहे. मेसा म्हणजे टेबल. वर सपाट, कडा तुटलेल्या, माथ्यावर आपल्यासारखाच काळा बेसाल्ट. उंची मात्र आठ हजार फुटांच्या वर. आपलं कळसूबाई 5,400 फूट, म्हणजे अंदाज करा.

1880 च्या दशकात कोळसा खाणीतले आणि रेल्वेचे कामगार या पठारावर शेती करायला चढले. तिकडं होमस्टेड कायदा होता. 160 एकर जमीन घ्यायची, पाच वर्षं राहून कसायची, मग ती नावावर. त्यांनी बटाटा लावला, ओट पेरलं. 1897 मधी दगडी चर्च बांधलं, ते आजही उभं आहे. पण हिवाळ्यात बर्फानं वाटा बंद, पाण्याची वानवा. हळूहळू माणसं उतरली. आता ते उन्हाळी चराईचं रान झालंय.

पठाराच्या पायथ्याला फॉल्सम गाव. तिथल्या क्रोफूट रँचवर जॉर्ज मॅकजंकिन मुकादम होता. रँच म्हणजे शेकडो गुरांचं मोठं चराऊ रान. जॉर्ज काळा माणूस, टेक्सासात गुलामगिरीत जन्मलेला. शाळा नाही. ज्या पोरांना घोडे हाताळायला शिकवलं, त्यांच्याकडूनच अक्षरं शिकला असं सांगतात. जवळ दुर्बीण बाळगायचा, दगड-हाडं गोळा करायचा.

27 ऑगस्ट 1908 ला पठारावर तुफान पाऊस झाला. वरचं सगळं पाणी खाली आलं आणि फॉल्सम गाव धुऊन निघालं. सारा रूक नावाच्या टेलिफोनवालीनं घरोघर फोन करून लोकांना सावध केलं, स्वतः मात्र वाहून गेली.

पूर ओसरल्यावर जॉर्ज कुंपणं बघायला निघाला. वाइल्ड हॉर्स नावाची घळ पाण्यानं खोल कापली होती. तिच्या उभ्या काठात, खूप खाली, त्याला हाडं दिसली. गव्यासारख्या बायसनची, पण नेहमीच्यापेक्षा मोठी. ज्यानं जन्मभर जनावरं हाताळली त्याला हा फरक लगेच कळला. एवढ्या मातीखाली गाडलेलं हाड जुनंच असणार, हेही कळलं. त्यानं अनेकांना सांगितलं. बघायला कुणी लवकर आलं नाही. 1922 च्या जानेवारीत तो गेला. त्याच वर्षाच्या शेवटी रॅटनचा लोहार कार्ल श्वाखहाइम आणि बँकवाला फ्रेड हॉवर्थ त्या घळीत पोचले.

पुढं डेन्व्हरच्या संग्रहालयानं 1926 ला खोदकाम सुरू केलं. हाडांबरोबर दगडी भाल्याची टोकं निघाली, पण सुटी. त्या काळी मोठे विद्वान म्हणायचे, अमेरिकेत माणूस येऊन तीन-चार हजार वर्षंच झाली. सुटं टोक कुठूनही घरंगळत आलं असेल, असं म्हणायला त्यांना जागा होती. 1927 च्या ऑगस्टात एक टोक बायसनच्या बरगड्यांमधी रुतलेलं सापडलं. या वेळी ते हलवलंच नाही. तारा करून जाणकारांना बोलावलं आणि जागेवर दाखवलं. वाद मिटला. हिमयुगाच्या शेवटी तिथं माणूस शिकार करत होता. आजच्या हिशेबानं बारा हजारांहून जास्त वर्षं झाली.

आता आपलं. वस्तू इतकीच तिची जागा मोलाची. माती परीक्षणाला वरची आणि खालची माती एकत्र कालवली तर अहवाल काय कामाचा? तसंच हे. आपल्याकडंही जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीकाठच्या थरांत ज्वालामुखीची राख आणि दगडी हत्यारं मिळालीत. पावसाळा सरला की ओढ्याचा कापलेला काठ एकदा बघत जा. गाळ किती, मुरूम कुठं, राखेचा पट्टा आहे का. हाड, खापर, घडवलेला दगड दिसला तर उपटू नका. शेजारी टिकाव ठेवून फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. जेसीबी एक दिवस थांबला तर बिघडत नाही.

आणि कृषी खात्यातल्या, विद्यापीठातल्या मंडळींना एक विनंती. जॉर्जचं नाव या शोधाला जोडायला कित्येक दशकं गेली. रानात रोज फिरणारा गडी, मेंढपाळ, गुराखी काही दाखवत असेल, तर त्याच्याबरोबर चार पावलं चालत जा. तो आहे तोवर जा.