करवतीला न जमलेला कोपरा

सीएनसीच्या बिटाला आतला काटकोनी कोपरा काढता येत नाही. गॅलरीत नाहीतर पार्किंगच्या एका बाजूला छोटं राउटर मशीन मांडून बसलेल्या पुण्यातल्या हौशी मंडळींना हे पहिल्या दोन-चार जॉबमध्येच कळून चुकतं. बिट गोल फिरतं, त्यामुळे लाकडातला आतला कोपरा बिटाच्या त्रिज्येइतका गोलच राहतो. नेहमीचं 3.175 मिमीचं, म्हणजे एक अष्टमांश इंची बिट लावलं तर ही गोलाई सुमारे 1.6 मिमी. दारावरची पाटी कोरायची असेल तर काही अडत नाही. एकमेकींत अडकणाऱ्या सहा कांड्यांचं कोडं करायला घेतलं, की सगळं तिथेच अडतं. आणि हा अडलेला कोपरा या कोड्याच्या कुळापर्यंत नेऊन पोहोचवतो.

कोडं ओळखीचंच आहे. दोन उभ्या, दोन आडव्या आणि दोन समोरून मागे जाणाऱ्या अशा सहा चौरस कांड्या मधोमध एकमेकींतून जातात. खिळा नाही, फेव्हिकॉल नाही. सोप्या संचात एक कांडी अख्खी, बिनखाचेची असते. ती ढकलली की बाकीच्या मोकळ्या. इंग्रजीत याला ‘बर’ म्हणतात, कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बीवरून. एडविन वायट यांच्या 1928 च्या पुस्तकात हे नाव छापलेलं सापडतं. चिनी लोक याला लू बानचं कुलूप म्हणतात. केरळात हेच कोडं ‘एडाकूडम’, आणि मल्याळी माणूस रोजच्या बोलण्यात तोच शब्द ‘त्रांगडं’ या अर्थानेही वापरतो.

आता मुद्द्याची गोष्ट. कांडी 2×2×6 घनांची आहे असं धरलं, तर मधले 12 घन ठेवायचे की काढायचे एवढाच प्रश्न उरतो. त्याच्या 4,096 तऱ्हा होतात. त्यांतल्या तुटणाऱ्या, निरुपयोगी आणि एकसारख्या तऱ्हा वजा केल्या की 837 कांड्या उरतात. हा सगळा हिशोब संगणकावर तडीला नेला अमेरिकी गणिती बिल कटलर यांनी. त्यांचा पहिला मोठा लेख 1978 चा. त्याच वर्षी मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात हे कोडं घेतलं. आत पोकळी न राहणारी कोडी जुळवण्याच्या तऱ्हा 1,19,979 भरल्या. पोकळी चालत असेल तर आकडा 3,565 कोटींच्या पुढे जातो. ती मोजणी 1990 मध्ये संपली.

पण या हिशोबात गणिताशी काडीचाही संबंध नसलेली एक चाळणी आहे. 837 पैकी 59 कांड्यांना वेगळा शिक्का मारलेला आहे: नुसती करवत चालवून, आरपार खाचा मारून करता येणाऱ्या. त्यांतल्या 25 तऱ्हांच्या कांड्यांपासून पोकळी नसलेल्या 314 जुळण्या होतात, आणि त्या सगळ्या करायला एकूण 42 कांड्यांचा संच पुरतो. उरलेल्या कांड्यांना पटाशी लागते, कारण त्यांच्यात कुठेतरी तीन भिंती एका बिंदूत मिळणारा बंद कोपरा असतो.

सीएनसीवर नेमकं हेच घडतं. आरपार खाच असेल तर बिट एका अंगाने शिरतं आणि दुसऱ्या अंगाने बाहेर पडतं. सपाट तोंडाचं एंड मिल असलं की तळ आणि भिंत यांच्यातला कोन चोख निघतो. कोपरा बंद असला की कांडी कुठल्याही कुशीवर वळवून बांधा, एक आतली कड बिटाला समांतर उभी राहतेच आणि ती गोल होते. म्हणजे हातकरवतीने जी रेषा आखली होती, तिथेच संगणकावर चालणारं मशीनही थांबतं. मधली सगळी वर्षं जणू झालीच नाहीत!

या योगायोगावरून मूळ शोधायला निघालं, की वाद सुरू होतात. चिनी परंपरा म्हणते, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला सुतारांचा आद्यपुरुष लू बान याने हे केलं. दुसरी दंतकथा ते श्रेय इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला मुत्सद्दी चूगं ल्यांग याला देते. दोन्ही कथा गोड आहेत, आणि आपल्याकडे प्रत्येक जुनं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं तितक्याच विश्वासार्ह आहेत. चीनमधलं सविस्तर छापील वर्णन भेटतं ते थेट 1889 मध्ये, थांग युनचौ यांच्या पुस्तकात. तिथे त्याचं नाव आहे ‘ल्यौ ज़् ल्येन फांग’, म्हणजे सहा भावंडांची जोडणी असं काहीसं. युरोपचा पुरावा त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचा: सेबास्तियां लक्लेर या फ्रेंच चित्रकाराचं 1698 चं कोरीव चित्र, विद्वानांची भरलेली अकादमी, आणि तिथल्या उपकरणांच्या गर्दीत हे कोडं. पुढे चेंबर्स यांच्या 1728 च्या ज्ञानकोशाला मुखचित्र म्हणून तेच चित्र उचललं गेलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या काटेल यांच्या विक्रीच्या यादीत ते ‘सैतानाचा पंजा’ या नावाने दिसतं.

कागदपत्रांच्या न्यायाने युरोप जिंकतो. पण कागद आधी सापडला म्हणून वस्तूही आधी झाली, हे सुतारकामाबाबत फारसं खरं नसतं. सुतार आपली कामं छापत नाहीत.

आणखी एक दावेदार आहे आणि तो जास्त गमतीशीर आहे. थांग यांचं पुस्तक सुतारकामाचं नाही, जादूच्या प्रयोगांचं आहे. हे कोडं मुळात जादूगारांकडून आलं आणि नंतर बाजारात मुलांचं खेळणं झालं, असं ते स्वतःच सांगतात. चारच वर्षांनी, 1893 मध्ये, लंडनमध्ये ‘पझल्स ओल्ड अँड न्यू’ निघालं आणि त्यातही सहा कांड्यांचं कोडं आहे. लेखक प्रोफेसर हॉफमन, म्हणजे अँजेलो लुईस नावाचे बॅरिस्टर, ज्यांचं नाव झालं होतं जादूवरच्याच पुस्तकाने! दोन खंडांत दोन जादूवाले, एकच कोडं.

तरीही प्रस्तुत लेखकाचं मत सुतारांच्याच पारड्यात. जादूगाराला लपवाछपवीची वस्तू हवी असते, ती कशी कापायची हा त्याचा प्रश्न नसतो. करवतीने होणाऱ्या 25 कांड्यांतून तीनशेवर जुळण्या निघतात, ही सोय ज्याच्या हातात करवत होती त्यालाच आधी सापडणार. सुताराने सांध्याचा नमुना म्हणून, किंवा शिकाऊ पोराची परीक्षा घ्यायला केलं असेल आणि जादूगाराने ते बाजारात नेलं असेल, हा क्रम सगळ्यात सरळ वाटतो. आपल्याकडच्या लाकूडकामातही सांधा उलगडता येतो ही कल्पना परकी नाही. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल मुळात कोथरूडचा. त्याचे भाग आणून तो तिथे पुन्हा उभारला आहे. खिळ्यांनी ठोकून बसवलेल्या घराचं असं स्थलांतर करायला गेलं तर सरपणच जास्त हाती लागेल.

मशीनचं कुळ त्या मानाने कागदोपत्री चोख आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या भानगडीतून जॉन पार्सन्स यांना आकड्यांवर चालणाऱ्या मिलिंगची कल्पना सुचली, अमेरिकी हवाई दलाने पैसे दिले, आणि एमआयटीच्या प्रयोगशाळेने 1952 मध्ये कागदी पट्टीवरच्या भोकांवर चालणारं मशीन दाखवलं. हौशी लोकांपर्यंत ते आलं 2009 नंतर, जीआरबीएल या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममुळे. तो 32 केबीच्या आर्डुइनो बोर्डात मावतो. पुण्याचा धागा मात्र मधेच लागतो. 2002 मध्ये, म्हणजे त्या प्रात्यक्षिकानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच एमआयटीच्या नील गेर्शनफेल्ड यांच्या फॅब लॅबची अमेरिकेबाहेरची पहिली शाखा निघाली ती शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात. आणि या फॅब लॅबच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या कामांपैकी एक काय असतं? खाचांनी एकमेकांत बसणारे तुकडे कापायचे, डिंक न लावता.

तिथे शिकणाऱ्याला तो गोल कोपरा भेटतोच. जगभर त्यावरचा रूढ उपाय म्हणजे कोपऱ्यात बिट थोडं पुढे सरकवून एक भोक पाडायचं. त्याला ‘डॉगबोन’ म्हणतात, कारण खाच हाडकाच्या टोकासारखी दिसते. प्लायच्या टेबलाला ते शोभतं. हातात खेळवायच्या सागवानी कोड्यात मात्र डोळ्यांत खुपतं. बारीक, 1 मिमीचं बिट लावावं तर ते सागाच्या गाठीशी पोहोचायच्या आत मोडतं. पटाशीने कोपरा साफ करणं सगळ्यात चोख, पण मग मशीन कशाला घेतलं, असं घरचे विचारतात.

चौथा उपाय सगळ्यात सुंदर आहे. आतला कोपरा गोलच ठेवायचा आणि त्यात बसणाऱ्या कांडीची बाहेरची कड मारायची. 1.6 मिमीच्या गोलाईला 45 अंशांत तेवढ्याच मापाची कड मारली की काम भागतं. सगळ्याच कांड्यांच्या सगळ्याच कडा तशा मारल्या की जोडलेल्या कोड्यावर सारख्या रेघा दिसतात आणि त्या मुद्दाम केल्यासारख्या वाटतात. लाकडी कोडी करणारे कारागीर कडा मारत आले आहेत, तेव्हा इथेही मशीन जुन्याच वाटेने जातं.

कांडीच्या लांबीत रेषा धरूनच लाकूड कापावं. आडव्या रेषेवर उरलेला एकटा घन बोटाच्या दाबानेही निखळतो. दोन कांड्यांत दशांश मिमीची जागा लागते, आणि इथे पुण्याची हवा मधे पडते. उन्हाळ्यात कोरड्या हवेत कापलेली 20 मिमीची कांडी पावसाळ्यात एक-दोन दशांश फुगते, म्हणजे ठेवलेली सगळी जागा खाऊन टाकते. मे महिन्यात झटक्यात सुटलेलं कोडं जुलैत हातोडी मागतं. 42 कांड्यांचा संच करायला बसलेल्याने म्हणूनच कापणी केव्हाही करावी, पण शेवटचा पॉलिश पेपर पाऊस लागल्यावर फिरवावा.