तबल्याच्या अंगाने जॅझ

जॅझकडे वळू पाहणाऱ्या मराठी रसिकाला बहुतेकदा माइल्स डेव्हिस किंवा जॉन कोल्ट्रेन सुचवला जातो. त्यात गैर काही नाही. रागसंगीताच्या वाटेने येणाऱ्यांना मी मात्र तीन कमी परिचित तबकड्या सुचवतो. तिन्ही 1966 ते 1968 या काळातल्या आहेत आणि तिन्हींत तबला आहे. त्यांपैकी दोहोंवर तो मुंबईहून लंडनला जाऊन स्थायिक झालेल्या केशव साठे यांचा आहे. आपल्या तबलावादनाविषयीच्या मराठी लेखनात हे नाव मला क्वचितच भेटले.

ऐकण्यापूर्वी एक खूणगाठ बांधावी. जॅझमध्येही आवर्तन असते. अनेक रचनांत बारा किंवा बत्तीस ‘बार’चा साचा पुन्हा पुन्हा फिरतो आणि एकल वादक त्या चौकटीत उपज करतो. समेची सवय असलेल्या कानाला हे लवकर उमगते. फरक स्वरांच्या पायाचा आहे. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज अढळ असतो. जॅझमध्ये खालचे स्वरमेळ बदलत राहतात आणि वरच्या सुरांचा अर्थही बदलतो. म्हणून या दोन पद्धती एकत्र आल्या की कोणी काय सोडले, हे पाहावे लागते. ‘पूर्व-पश्चिम संगम’ हा शब्द तो प्रश्नच झाकून टाकतो.

सुरुवात ‘रागा जॅझ स्टाइल’ने करावी. 1968 सालची ही तबकडी शंकर-जयकिशन यांच्या नावावर आहे. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग, प्रत्येकाला जेमतेम काही मिनिटे. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, तबल्यावर रमाकांत. ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो, गिटारवर अनिबल कॅस्ट्रो ही नावे वाचली की मुंबईच्या स्टुडिओंतली गोमंतकीय वादकांची परंपरा आठवते. हिंदी चित्रपटगीतांत या परंपरेतल्या वादकांचे सूर देशभर पोचले, नावे मागेच राहिली. इथे रागाचा विस्तार नाही, हे मान्य. बांधणी चित्रपटसंगीतासारखी नेटकी आहे. पण राग ओळखीचे असल्याने जॅझची लय वेगळी काढून ऐकता येते.

दुसरी ‘इंडो-जॅझ स्वीट’, लंडन, 1966. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर लंडन फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिन वाजवत आणि संगीतरचना करीत. जो हॅरियट हे जमैकाहून आलेले आल्टो सॅक्सोफोनवादक. पाच अधिक पाच, अशा दहा वादकांचा हा ‘डबल क्विंटेट’. सतारीवर दिवाण मोतिहार, तबल्यावर साठे. चार रचनांपैकी दोन मेघ आणि गौडसारंग या रागांवर आहेत. मेयर यांचे बरेचसे काम आधीच कागदावर लिहिलेले असे. मोकळीक हॅरियट आणि त्यांच्या साथीदारांच्या वाट्याला अधिक येते. त्यामुळे गंमत उलटी होते: ज्यांची परंपरा उपजेची, तेच इथे ठरलेली चौकट सांभाळतात. साठे यांचा ठेका ऐकताना हा संयम जाणवतो. हॅरियट 1973 साली विपन्नावस्थेत वारले. बासवादक रिक लेअर्ड पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रामुळे जगभर गेले.

तिसरी ‘जॅझ मीट्स इंडिया’, जर्मनीतल्या फिलिंगेन गावी 1967 साली ध्वनिमुद्रित झालेली. निर्माते योआखिम-एर्न्स्ट बेरेंट. पियानोवादक इरेने श्वाइत्सर यांचे त्रिकूट, मोतिहार-साठे आणि तानपुऱ्यावर कुसुम ठाकूर हे दुसरे त्रिकूट, जोडीला ट्रम्पेटवर मानफ्रेड शूफ आणि सॅक्सोफोनवर बार्ने विलां. रचना तीनच; एकीच्या नावात गावाजवळची ब्रिगाख नदी आणि गंगा एकत्र आल्या आहेत. इथे कोणी कोणाच्या चौकटीत कोंडलेले नाही. श्वाइत्सर यांचे वादन मुक्त जॅझकडे झुकणारे आहे, आणि तबला व ड्रम्स एकमेकांना जागा देत, कधी अडवतही, पुढे जातात. आधीच्या दोन तबकड्यांहून ही ऐकायला अवघड. म्हणून ती शेवटी.

आपला संगीतेतिहास घराणे, गुरू आणि गाजलेल्या मैफली यांच्या आधारे लिहिला गेला. परदेशात स्वतःचा श्रोता मिळवणारा संगतकार त्या चौकटीत बसत नाही. स्टुडिओतला गोमंतकीय ट्रम्पेटवादकही बसत नाही. ‘इंडो-जॅझ स्वीट’च्या दर्शनी बाजूवर हॅरियट आणि मेयर ही दोनच नावे आहेत. ऐकायला बसण्याआधी बाकीच्या आठ वादकांची नावे शोधून वाचावीत आणि पहिल्या वेळी फक्त तबल्यामागे जावे. सतार आणि सॅक्सोफोन आपोआप कानावर येतातच.