सर्पदंशाचे ‘रामबाण’ उपाय

पावसाळा लागला की गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो : साप चावला तर अमुक औषधाचे दोन थेंब जिभेवर टाका, दवाखान्यात जायची गरज नाही. परदेशात बसून आपण तो वाचतो, ‘अंधश्रद्धा’ म्हणतो आणि पुढे सरकतो. पण सर्पदंशावरच्या चुकीच्या सल्ल्यांचा इतिहास उघडला, तर मांत्रिकाच्या पंगतीला नामवंत डॉक्टरही बसलेले दिसतात.

जोसेफ फेरर हे कलकत्त्यातले ब्रिटिश डॉक्टर. १८७२ साली त्यांचा भारतातल्या विषारी सापांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यासाठी त्यांनी त्या काळचे नावाजलेले उतारे प्राण्यांवर तपासले. त्यांत देशी औषधे होती, तशीच मेलबर्नच्या प्राध्यापक हॅलफर्ड यांनी सुचवलेली, शिरेतून अमोनिया टोचण्याची पद्धतही होती. एकही उतारा खरा ठरला नाही.

गंमत पुढेच आहे. १९०४ मध्ये याच फेरर यांनी लॉडर ब्रंटन आणि लिओनार्ड रॉजर्स यांच्यासोबत एक उपाय मांडला : जखमेवर चीर द्यायची आणि त्यात पोटॅशियम परमँगनेट चोळायचे. त्यासाठी एक छोटे पातेही बनवले गेले. परीक्षानळीत परमँगनेट विष नष्ट करते, हे खरेच होते. पण माणसाचे शरीर म्हणजे परीक्षानळी नव्हे. विष चिरेपाशी थांबत नाही, आणि परमँगनेट मात्र तिथले मांस जाळते.

मग असे उपाय टिकतात कसे? बरेच साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. असा रोगी काहीही केले तरी वाचतो आणि श्रेय मंत्राला, मुळीला किंवा परमँगनेटला जाते. जो दगावतो, त्याचे ‘नशीब’ असते. हिशेबाची ही वही मांत्रिकाची आणि डॉक्टरची सारखीच चुकते.

खरा उतारा आल्यावरही चूक झाली. आल्बेर काल्मेत यांनी १८९०च्या दशकात नागाच्या विषावर लस तयार केली आणि ती इतर सापांवरही चालेल असे मानले. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन आणि भारतात जॉर्ज लॅम्ब यांनी प्रयोग करून ते खोडून काढले. म्हणूनच आज भारतातली प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषावर बनते. मुंबईच्या हाफकिनमध्येही ती तयार झाली आहे.

तरीही, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाने, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली. उपाय हाताशी असताना वाटेत गेलेला एक तासही जिवावर बेततो.

तेव्हा तो निरोप पुन्हा आला तर नुसते हसू नका. उत्तर लिहा : चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, साप शोधत बसू नका आणि लस मिळेल त्या सरकारी रुग्णालयात तडक न्या. जवळची लस कुठे मिळते, हे घरच्यांना आजच विचारून ठेवा. एवढे तर सातासमुद्रापलीकडूनही करता येते.