कार्ल्याच्या खांबांवरील यवन

कार्ल्याची लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहेत. विहारातर्फे सहली निघतात, लेकरंबाळं आणि डबे बरोबर असतात. पण चैत्यगृहाच्या खांबांवर काय कोरलंय ते थांबून पाहणारे थोडे. त्यातले अनेक खांब धेनुकाकट या गावी राहणाऱ्या यवनांनी दान दिलेले आहेत. एकाचं नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. दुसऱ्याचं नाव तर सरळ धम्म.

यवन म्हणजे कोण? आपल्याकडे बखरी वाचून वाचून यवन म्हणजे मुसलमान, असं डोक्यात बसलंय. मूळ अर्थ ग्रीक. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक वस्तीचा मुलूख होता. त्यावरून इराणी लोक ग्रीकांना यौन म्हणू लागले, पालीत त्याचं योन झालं, संस्कृतात यवन. पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतर परक्यांनाही हा शब्द लागू झाला.

शाळेत आपल्याला शिकंदर शिकवतात. इ.स.पूर्व ३२६ मध्ये तो पंजाबात आला आणि ३२३ मध्ये बाबिलोनला मेला. त्याने गावंच्या गावं कापून काढली, ते फारसं सांगत नाहीत. खरी ग्रीक संस्कृती पसरली ती त्याच्यामागे वस्ती करून राहिलेल्या शिपायांनी, कारागिरांनी, व्यापाऱ्यांनी. इजिप्तमध्ये टॉलेमीच्या घराण्याने अलेक्झांड्रियाला मोठे ग्रंथालय उभे केले. अफगाणिस्तानात अमू दर्याच्या काठी अय-खानुम येथे फ्रेंच संशोधकांनी १९६४ ते १९७८ या काळात उत्खनन केले, तेव्हा ग्रीक नाट्यगृह आणि व्यायामशाळा निघाली. ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातली नीतिवचने तिथे दगडावर कोरलेली होती. गंमत अशी, की त्याच शहरातले मुख्य देऊळ ग्रीक घाटाचे नव्हते, इराककडच्या घाटाचे होते. म्हणजे येणाऱ्यांनी दिलं तसं घेतलंही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट त्यांनी आपल्याकडून घेतली. कंदाहारला १९५८ साली सम्राट अशोकाचा एक लेख सापडला. तो ग्रीक आणि अरमाईक या दोन भाषांत आहे. ब्राह्मी नाही, प्राकृत नाही, ऐकणाऱ्याची भाषा! धम्म या शब्दासाठी तिथे ग्रीकांचा ‘युसेबिया’ हा शब्द योजला आहे. तेराव्या शिलालेखात तर अशोकाने पाच ग्रीक राजांची नावे घेतली आहेत : अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मग आणि अलिकसुंदर. हे राजे सिरिया, इजिप्त, मॅसिडोनिया अशा लांबच्या मुलखांतले.

आम्हाला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त. अस्सलायन हा तरुण ब्राह्मण चार वर्णांची श्रेष्ठता सांगायला येतो. तथागत त्याला विचारतात, योन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि तिथे मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकलं आहेस ना? अस्सलायनाला हो म्हणावं लागतं. म्हणजे वर्ण जन्माने चिकटलेला नसतो, याचा पुरावा म्हणून यवनांचा समाज पुढे ठेवला. तो समाज काही स्वर्ग नव्हता, गुलामगिरी होतीच. पण माणसाची पायरी बदलू शकत होती. उलट मनुस्मृतीने याच यवनांना क्रियालोप झालेले, पतित क्षत्रिय ठरवून वृषलांत टाकले. एकाच माणसाकडे पाहायच्या या दोन नजरा.

मिनांदर राजाची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. पालीत तो मिलिंद. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला हा राजा, राजधानी सागल, म्हणजे आजचे सियालकोट. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी अक्षरे आहेत. भदंत नागसेनांनी त्याला आधीच अट घातली, की पंडित बोलतात तसं बोलणार असाल तर बोलू, राजे बोलतात तसं नाही. कारण पंडित हरला तर रागावत नाही, राजा दंड करतो. मालकापुढे बोलायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांना या अटीची किंमत कळेल.

पुढे गांधारात बुद्धमूर्ती घडल्या. आमचं आयुष्य साळखात्यात गेलं, त्यामुळे फोटोतसुद्धा आमचं लक्ष आधी चीवराकडे जातं. जाड कापड खांद्यावरून पडल्यावर जशा चुण्या पडतात, तशाच त्या दगडात उतरल्या आहेत. चुण्यांची ही हातोटी ग्रीक-रोमन शिल्पकलेतून आली. हड्डा येथे तर वज्रपाणी हेराक्लिस या ग्रीक वीराच्या रूपात बुद्धांशेजारी बसवला होता. ती शिल्पे अफगाणिस्तानातल्या युद्धकाळात नष्ट झाली आणि बामियानच्या भव्य मूर्ती मार्च २००१ मध्ये सुरुंगाने उडवल्या गेल्या.

आपल्या मुलखातलं मात्र शाबूत आहे. महावंस सांगतो, की अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्म सांगायला योन धम्मरक्खित थेर आले. अशोकाच्या लेखांचे तुकडे सोपाऱ्याला मिळालेच आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी खोदून दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला.

आणि नाशिकला त्रिरश्मी डोंगरावर सतरा नंबरचं लेणं आहे. ते खोदवणारा इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा योनक. आईवडिलांसाठी त्याने हे लेणे, आत चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करवली आणि भिक्खुसंघाला दिली. बापाचं नाव धम्मदेव. दानात मुलालाही बरोबर घेतलंय. त्याचं नाव धम्मरक्खित.