देशी बटाट्याची पारख

'बटाटा' हा शब्दच एका गैरसमजातून आपल्याकडे आलेला आहे. कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवासी ज्याला 'बटाटा' म्हणत, ते होते रताळे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज दर्यावर्दी लोकांनी ते नाव उचलले, पुढे दक्षिण अमेरिकेतील एका अगदी वेगळ्या कंदालाही तेच चिकटले, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर नाव व कंद दोन्ही कोकणच्या किनाऱ्याला लागले. मराठी, कोंकणी व गुजराती या भाषांनी पोर्तुगिजांचा शब्द ठेवून घेतला; उत्तरेने मात्र आपला जुना 'आलू' त्याला देऊन टाकला. वस्तुतः संस्कृतातील 'आलुक' हे कोणत्याही खाण्याजोग्या कंदाचे नाव. सतराव्या शतकातील इंग्रज प्रवाशांच्या वृत्तांतांत 'पोटॅटो' आढळतो, पण तो रताळ्याचा उल्लेख की बटाट्याचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. असा हा परदेशी पाहुणा पुढे आपल्या उपवासाच्या ताटातही जाऊन बसला, ही गोष्ट आपल्या पाकशास्त्राच्या औदार्याची की विस्मरणशक्तीची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दोनशे-अडीचशे वर्षांत या पाहुण्याचे अनेक गोतावळे देशभर पसरले. सपाट प्रदेशातील शेतकरी ज्या जाती पिढ्यान्‌पिढ्या बेणे राखून लावीत आले, त्यांना 'देशी' म्हणण्याचा प्रघात पडला. फुलवा, गोला, साठा, दार्जिलिंगची लाल गोल ही त्यांतील नामांकित मंडळी. नावे शेतकऱ्यांनीच ठेवली, आणि ती मोठी अर्थपूर्ण आहेत. हिवाळ्यातील लहान दिवसांत सपाटीवर बटाट्याला सहसा फूल येत नाही. जिला आले ती फुलवा. साठ दिवसांत जी काढणीला येते ती साठा. दुसऱ्या बाजूला डोंगरांवर साहेबांनी आणलेल्या विलायती जाती रुजल्या. मॅग्नम बोनम, अप-टू-डेट, क्रेग्ज डिफायन्स अशी त्यांची नावे. 'अप-टू-डेट' ही जात स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निपजली; नावाप्रमाणे अद्ययावत राहण्याचा काळ तिला इंग्लंडपेक्षा हिंदुस्थानातच अधिक लाभला.

नावांचा गोंधळही काही थोडाथोडका नव्हता. एकच जात बिहारात एका नावाने, संयुक्त प्रांतात दुसऱ्या नावाने विकली जाई. उलट एकाच नावाखाली दोन भिन्न जाती नांदत. डॉ. बी. पी. पाल आणि पुष्करनाथ या दोघा शास्त्रज्ञांनी देशभरातून नमुने गोळा केले, शेजारी शेजारी लावून पाहिले, पाने, फुले, साल, डोळे, कोंब यांची लक्षणे ताडून पाहिली, आणि १९५१ साली भारतीय बटाट्याच्या जातींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पारख करायची तर प्रथम कोण कोण आहे हे ठरले पाहिजे. ते काम या पुस्तिकेने केले.

पण पारख करायची कोणी? बटाट्याला तीन पारखी आहेत: शेत, साठवण आणि चूल. त्यांचे एकमत क्वचितच होते.

शेताचा निकाल सर्वांत सोपा वाटतो, कारण तो वजनात सांगता येतो. एकरी माल पाहिला तर विलायती जाती पुष्कळदा देशी जातींवर मात करीत. देशी बटाटा आकाराने लहान, डोळे खोल, आणि बहुतेक जाती उशिरा तयार होणाऱ्या. पण वजनाबरोबर दिवसही मोजावे लागतात. साठ दिवसांत रान मोकळे करून देणारी जात थोडी कमी पिकली तरी मागाहून दुसरे पीक घेता येते.

खरी परीक्षा पुढे होती. उत्तरेकडील बटाटा माघ-फाल्गुनात निघतो आणि पुढचे बेणे आश्विन-कार्तिकात लागते. मधला सारा उन्हाळा आणि पावसाळा बटाटा कुडाच्या खोलीत किंवा वाळूच्या थरात काढायचा. येथे विलायती जाती हार खात. उकाड्यात त्या सडत, सुकत किंवा अवेळी कोंब काढीत. फुलवा मात्र दीर्घकाळ झोपून राही. वनस्पतिशास्त्रात ज्याला सुप्तावस्था म्हणतात तो गुण तिच्यात भरपूर. ज्या गरीब शेतकऱ्याला दरवर्षी डोंगरातून बेणे विकत आणणे परवडत नसे, त्याच्या दृष्टीने शेतातल्या दोन मणांपेक्षा भाद्रपदापर्यंत टिकलेला एक मण अधिक मोलाचा होता. देशी जाती इतकी वर्षे टिकल्या त्या जिभेच्या लाडामुळे नव्हे; कोठीत त्या टिकल्या म्हणून शेतात टिकल्या.

महाराष्ट्रात याच प्रश्नाचे निराळे रूप दिसते. पुणे जिल्ह्यातील खेड-मंचरच्या मुलखात बटाटा पावसाळ्यातही घेतात आणि हिवाळ्यातही. येथे प्रतिष्ठा होती ती 'इटालियन' बेण्याची. पांढऱ्या, गोल बटाट्याचे हे बेणे आगबोटीने मुंबईस येई आणि तेथून घाटावर. या बेण्याने पीक दिले खरे, पण १९०६ साली त्याच्याबरोबर बटाट्यावरची पाकोळीही देशात शिरली. ही पाकोळी साठवलेल्या बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते आणि अळी आत बोगदे पाडीत जाते. शेतकरी झाडाच्या सावलीत पाल्याखाली बटाट्याची अरण लावतो, तिचा मोठा शत्रू हीच. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन यांनी आपल्या मराठी सहकाऱ्यांसह १९२० च्या सुमारास या भागातील बटाट्याच्या लागवडीचा, रोगांचा आणि साठवणीचा बारकाईने अभ्यास केला. पिंपळे सौदागर गावाची आर्थिक पाहणी करणारे मॅन ते हेच. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेला, आणि दुसऱ्याच्या बेण्यावर शेती उभारण्यातला धोका घाटावरच्या शेतकऱ्याला एका हंगामात उमगला.

त्याआधीच उत्तरेत नव्या प्रयत्नांना आरंभ झाला होता. संकरासाठी फुले हवीत, आणि बटाट्याला भरपूर फुले येतात ती डोंगरावरील उन्हाळ्याच्या लांब दिवसांत. म्हणून १९३५ मध्ये सिमला, कुफरी आणि भोवाली येथे केंद्रे निघाली. १९४९ मध्ये पाटण्यास मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली व १९५६ मध्ये ती सिमल्यास गेली. तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जातीच्या नावाआधी 'कुफरी' लागते. १९५८ साली आलेल्या पहिल्या तुकडीत 'कुफरी सफेद' आणि 'कुफरी रेड' या दोन जाती होत्या. त्यांची कथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या संकराने घडवलेल्या नव्हत्या. सफेद म्हणजे फुलवाच, आणि रेड म्हणजे दार्जिलिंगची लाल गोल. रोगी झाडे टाळून, निरोगी झाडांची निवड करून वाढवलेली. देशी जाती पिढ्यान्‌पिढ्या विषाणुरोगांनी ग्रासलेल्या होत्या, तरी त्या रोगांशी जुळवून घेऊन जगत होत्या. त्यांचे कमी उत्पन्न हा स्वभाव किती आणि आजार किती, हे निवडीनंतर प्रथमच पाहता आले.

१९५९ मध्ये पुष्करनाथांनी सुचवलेल्या बेण्याच्या पद्धतीने सारा डावच पालटला. विषाणू पसरवणारा मावा उत्तरेच्या सपाटीवर हिवाळ्याच्या आरंभी फारसा नसतो. त्या अवधीत बेण्याचे पीक घ्यायचे, आणि मावा वाढण्यापूर्वी, जानेवारीत, पाला कापून टाकायचा. निरोगी बेणे सपाटीवरच तयार होऊ लागले. मात्र ते आश्विनापर्यंत ठेवायला शीतगृह हवे. शीतगृहे वाढली, आणि त्यांच्याबरोबर फुलवाची सद्दी संपली. जो गुण कुडाच्या कोठीत अमोल होता, त्याला बर्फाच्या कोठीत किंमत उरली नाही. फुलवा वाईट ठरली नाही. परीक्षेचा पेपर बदलला. १९४९-५० मध्ये देशात सुमारे १५ लाख टन बटाटा होई, हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास. आज देशाचे उत्पादन पाच कोटी टनांच्या वर आहे. हे आकडे पाहता फुलवासाठी फार काळ हळहळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

राहिली चूल. तिचे शास्त्र थोडक्यात असे की, बटाट्यातला घनांश जास्त असेल तर तो शिजून पिठूळ होतो, कमी असेल तर मेणचट राहतो. वड्याच्या सारणाला पहिला बरा, रश्श्याला दुसरा. शीतगृहाने येथे एक नवीच खोड काढली. दोन-चार अंश तापमानात पिष्टाची साखर होऊ लागते. भाजी गोड लागते आणि काचऱ्या तळताना काळवंडतात. सामान्य गिऱ्हाईक मात्र जातीचे नाव विचारीत नाही. 'नवा की जुना' एवढेच विचारते. याला अपवाद बंगालचा. १९६८ साली आलेल्या 'चंद्रमुखी' आणि 'ज्योती' या दोन जाती कोलकात्याच्या बाजारात नावाने ओळखल्या जातात, आणि चंद्रमुखीला चढा भाव पडतो, कारण ती मऊ शिजते. शेतकऱ्याचा ओढा ज्योतीकडे, स्वयंपाकघराचा चंद्रमुखीकडे. बिहारात आणि आसामात लाल सालीचा बटाटाच चवदार, अशी लोकांची धारणा आहे. दख्खनच्या पठारासाठी १९७२ मध्ये जी झटपट पोसणारी जात काढली तिचे नाव 'कुफरी लवकर'; त्याचा अर्थ मराठी माणसाला कोणी सांगायला नको.

मग हे देशी बटाटे मुळात होते तरी कोण? डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी १९५८ मध्ये असे प्रतिपादन केले की, युरोपात प्रथम पोचलेला बटाटा अँडीज पर्वतातील होता, आणि त्याचे अवशेष भारतातील या जुन्या जातींत उरले आहेत. २००५ मध्ये डेव्हिड स्पूनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत सिमल्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञही होते, डीएनए तपासले. भारतीय जाती बहुतांशी चिलीच्या बटाट्याशी जुळल्या. म्हणजे साक्षीदार खोटा ठरला. पण साक्ष खोटी नव्हती. कारण २००८ मध्ये युरोपातील जुन्या वाळवलेल्या नमुन्यांच्या तपासणीत अठराव्या शतकातील बटाटा अँडीजचाच निघाला. चिलीचा मागून आला आणि हळूहळू त्याची जागा घेत गेला.

फुलवा आणि लाल गोल आता बाजारात नावाने मागता येत नाहीत. पण 'कुफरी रेड' संकरासाठी वापरली गेली. १९६७ ची 'सिंदुरी' तिची लेक, १९८० ची 'बहार'ही तिचीच. सिंदुरी लाल आहे, गोल आहे, तिचे डोळे काहीसे खोल आहेत, आणि उन्हाळ्यात ती चांगली टिकते.