चौसष्ट हजारांचा हिशेब : प्रस्तावना

दौंड जंक्शनला पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार बाजूंनी रूळ येऊन मिळतात. रेल्वेचं फायबर या रुळांच्याच कडेने जमिनीखालून जातं. सेक्शन कंट्रोलरचा आवाज आणि आरक्षणाची नोंद त्यातूनच वाहते. आवाजाचा वेग ६४ किलोबिट सांगतात, घरच्या ब्रॉडबँडचा १०० मेगाबिट, आणि मधल्या सर्किटांना ई-वन, एसटीएम-वन अशी नावं आहेत. या जुन्या नावांचा आजच्या वेगांशी मेळ घालणं, हा या पुस्तकाचा विषय. डिप्लोमाचा विद्यार्थी असो, लाईनवर काम करणारा तंत्रज्ञ असो की नुसता जिज्ञासू, गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

सुरुवात माणसाच्या आवाजापासून. टेलिफोनवर साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवतात. थोडी मोकळीक ठेवून ४००० धरले, की सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे ८००० नमुने घ्यावे लागतात. नमुन्याला ८ बिट, म्हणून ६४,०००. असे ३२ कप्पे एकत्र केले की ई-वन, २.०४८ मेगाबिट. पहिला कप्पा ताळमेळासाठी, मधला एक सिग्नलिंगसाठी, उरलेल्या ३० मध्ये बोलणं. अमेरिकी पाठ्यपुस्तकांतला १.५४४ चा आकडा २४ कप्प्यांच्या टी-वनचा. आपल्याकडे युरोपीय पद्धत आली, त्यामुळे तो पाठ करण्यात वेळ घालवू नये.

लाईनवरची माणसं ई-वनला ‘दोन एमबी’ म्हणतात. ती बंद पडली की तंत्रज्ञ आधी क्रोन मॉड्यूल गाठतो. तिथे चार तारा असतात, जाणारी एक जोडी आणि येणारी एक जोडी. तारेचे दोन तुकडे टाकून तो जाणारी जोडी येणारीवर फिरवतो, म्हणजेच लूप देतो. आपण पाठवलेलं आपल्यालाच परत आलं आणि मल्टिप्लेक्सरवरचा लाल दिवा विझला, की आपली बाजू ठीक आणि दोष पलीकडे. वेग, चौकट आणि वेळेचा ताल ही तिन्ही या एका कृतीत तपासली जातात. हे ज्याने हाताने केलंय त्याला पुढची प्रकरणं जड जाणार नाहीत.

खरी गोम रूपांतरात आहे. १०० मेगाबिटचं इथरनेट जुन्या सर्किटांवरून न्यायचं, तर किती ‘दोन एमबी’ लागतील? १०० भागिले २.०४८ केलं की ४९ येतात. प्रत्यक्षात ४६ पुरतात, कारण ही सर्किटं वाहून नेणाऱ्या एसडीएच या पद्धतीत ई-वनसाठी राखलेला डबा थोडा मोठा असतो आणि इथरनेटला त्यातली २.१७६ मेगाबिट जागा वापरता येते. एसटीएम-वनमध्ये असे ६३ डबे. उलट दिशेने मात्र तोटा होतो. ई-वनचा प्रवाह २५६ बाइटच्या पाकिटांत भरून एमपीएलएसवरून, म्हणजे लेबलं लावून पाकिटं पुढे नेणाऱ्या जाळ्यावरून, पाठवला, तर सेकंदाला १००० पाकिटं होतात. दोन लेबलं, नियंत्रण शब्द, इथरनेटचं शीर्षक आणि दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा धरून प्रत्येकावर ५० बाइटचा भार चढतो. तारेवर २.४४८ मेगाबिट जागा अडते. रूपांतराचा तक्ता भिंतीवर लावून भागत नाही ते यामुळे. कोण कोणावर स्वार आहे ते आधी विचारावं लागतं.

बिट आणि बाइटची गल्लतही नेहमीची. १०० किलोबाइटचा सातबारा म्हणजे ८ लाख बिट. १९९५ साली व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केलं तेव्हाच्या ९.६ किलोबिटच्या मोडेमवर त्याला दीड मिनिटाच्या आसपास लागलं असतं, ६४ किलोबिटच्या लीज लाईनवर साडेबारा सेकंद. आज तो १०० मेगाबिटवर सेकंदाच्या शंभराव्या भागात येतो. पण कुरकुंभच्या एखाद्या कारखान्याने पूर्वी घेतलेली ६४ किलोबिटची लाईन रात्रंदिवस त्याच्या एकट्याची असे. आजचे १०० अनेकदा वाटून घेतलेल्या नळाची कमाल मर्यादा असतात. माझ्या मते या शास्त्रात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला फरक हाच, म्हणून त्याला इथे स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

जुनं ते गेलं, असं मात्र समजू नये. घरोघरी पोचणाऱ्या जीपॉन फायबरचा उतरता वेग २.४८८३२ गिगाबिट आहे. हा अवघड दिसणारा आकडा म्हणजे एसटीएम-सोळाचाच, एसटीएम-वनच्या १५५.५२ मेगाबिटच्या सोळापट. त्याला ६४,००० ने भागलं की बरोबर ३८,८८० येतात, बाकी शून्य. टेलिफोनच्या एका आवाजासाठी ठरवलेलं माप आज सिनेमे वाहून आणणाऱ्या तारेतही तसंच उरलं आहे.

वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन बसावं. कॅल्क्युलेटर चालेल, पण तयार उत्तर देणारं ॲप पहिल्या तीन प्रकरणांपुरतं बाजूला ठेवावं.