पत्र्याचा जोड: कावेरीकाठची एक विसरलेली विद्या

कुंभकोणम् परिसरातल्या धातुकामाचा विषय निघाला की बोलणे ओतकामावरच येऊन थांबते. स्वामिमलैच्या पंचलोही मूर्ती, नाचियारकोविलच्या समया, वस्तुसंग्रहालयांतले चोळकालीन नटराज हे सगळे वितळलेल्या धातूचे वैभव, आणि त्याचा मान निर्विवाद आहे. पण याच पट्ट्यात पत्र्याचीही एक विद्या वाढली. पत्रा ठोकून आकाराला आणणे कष्टाचे असते. एक पत्रा दुसऱ्याला असा जोडणे की जोड गळू नये, सुटू नये आणि पत्राही वेडावाकडा होऊ नये, हे त्याहून कठीण. तंजावरच्या मराठा दरबाराची देणगी म्हणून सांगितले जाणारे नक्षीदार तबक, बाजारात ज्याला ‘तंजावर प्लेट’ म्हणतात, ते माझ्या मते या जोडविद्येचेच फळ आहे. त्याचे मूळ राजवाड्यात शोधण्याआधी भांडी घडवणाऱ्यांच्या आणि देवळांच्या कामात शोधायला हवे.

आधी जोडाची अडचण समजून घेऊ. पितळ तापले की पसरते. मीटरभर लांबीची पट्टी 100 अंशांनी तापली तर सुमारे 2 मिलिमीटर वाढते. जाड ठोकळ्याला याने फारसा फरक पडत नाही. पातळ पत्र्याचे तसे नसते. जिथे ज्योत लागली तेवढाच भाग पसरू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला आवळून धरतो, आणि मग पत्रा पोट काढतो. गंजलेल्या मोटारीच्या दाराला ठिगळ लावणाऱ्याला आज हाच त्रास होतो. कन्नान, म्हणजे तमिळ कम्माळरांच्या पाच शाखांपैकी तांबे-पितळेचे काम करणारी शाखा, या अडचणीशी पिढ्यान् पिढ्या झगडली. जुन्या घडीव घागरीचे पोट अनेकदा दोन भागांत ठोकलेले असते. एका कडेला दाते कापायचे, दुसरी कड त्यांत अडकवायची, वर टाकणखार आणि झाळीची पूड घालायची आणि भट्टीत धरायचे. दात्यांमुळे झाळीला पकडायला जागा वाढते आणि तापताना दोन्ही भाग एकमेकांवरून सरकत नाहीत. सगळे कसब आचेच्या अंदाजात असते. झाळ वितळली पाहिजे, भांडे वितळता कामा नये, आणि साध्या पितळेच्या बाबतीत या दोहोंतले अंतर फार थोडे असते. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आता तंजावर तबक पाहू. त्याला तीन हात लागतात. एक कारागीर पितळेची जाड बैठक तयार करतो. दुसरा, सोनारकामातला, चांदीचा पातळ पत्रा साच्यावर दाबून त्यात देवमूर्ती आणि वेलबुट्टी उठवतो. तिसरा, जडावकामात मुरलेला, ते तुकडे त्या बैठकीच्या पृष्ठावर बसवतो, कडा खाचेत दाबून ठोकून पक्क्या करतो. चांदीचा उठाव असलेला पातळ तुकडा ज्योतीखाली धरला तर नक्षी दबून जाते, म्हणून येथे विस्तव दूर ठेवून थंड जोड निवडला आहे.

यावर कोणी म्हणेल की भट्टीतली झाळ आणि थंड जडाव या दोन निराळ्या कला आहेत, त्यांना एका माळेत कशाला ओवायचे? आक्षेप वरवर बरोबर वाटतो. पण आच कुठे टाळावी हे ठरवायला आच पत्र्याचे काय करते हे माहीत असावे लागते. सोनार आणि कन्नान हे एकाच कम्माळर व्यवस्थेतले शेजारी होते. त्यांची हत्यारे थोड्या फरकाने तीच, आणि देवळाच्या एकाच कामावर दोघांचीही गरज लागे.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. 1676 पासून 1855 पर्यंत तंजावरला भोसल्यांचे राज्य होते आणि कुंभकोणम् त्याच मुलखात येत असे. बडोदा, इंदूर आणि त्रावणकोरचे दिवाण सर टी. माधवराव 1828 साली याच गावी जन्मले. तेव्हा तबकाचे श्रेय दुसऱ्या सरफोजी राजांना द्यायला काय हरकत आहे? आश्रयाचे श्रेय द्यावेच. सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करणारा हा राजा गुणी माणसांची कदर जाणत होता, आणि भेट देण्याजोगी वस्तू म्हणून तबकाला जे रूप आले त्यात दरबाराचा वाटा मानायला मला अडचण वाटत नाही. पण तंत्र त्याच्या आधीचे आहे, आणि त्याचा पुरावा तंजावरच्याच बृहदीश्वर मंदिरात कोरलेला आहे. राजराज चोळाने आपल्या कारकिर्दीच्या 25 व्या वर्षी, म्हणजे 1010 साली, शिखरावर बसवायला तांब्याचा कलश दिला. त्याचे वजन 3,083 पलम् आणि त्यावर मढवलेल्या सोन्याच्या पत्र्यांचे वजन 2,926½ कळंजू असल्याचे शिलालेख सांगतो. हा केवळ सोन्याचा मुलामा असेल, असे म्हणता येईल का? कळंजू चार ते पाच ग्रॅमचा धरला तरी हे सोने बारा-चौदा किलो भरते. मुलाम्याला इतके सोने लागत नाही. तांब्याच्या गोलाईवर सोन्याचे पत्रे बसवून त्यांच्या कडा जुळवणारे हात सरफोजींच्या आठशे वर्षे आधी येथे होते. त्याच मंदिराच्या भिंतीवर 1803 साली सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला, त्यामुळे दोन्ही साक्षी एकाच आवारात वाचायला मिळतात.

मग ही विद्या मागे का पडली? लोकांची आवड बदलली, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. एकोणिसाव्या शतकात विलायती पत्रा आला. बर्मिंगहॅमच्या मुंट्झने 1832 साली पेटंट घेतलेला, साठ भाग तांबे आणि चाळीस भाग जस्त असलेला पिवळा पत्रा जहाजांच्या तळासाठी होता, पण आपल्याकडे त्याची भांडीही झाली. त्याने लगडीपासून पत्रा ठोकण्याचे काम हिरावले. जोडण्याचे काम मात्र उरले, कारण घागरीला जोड लागतच होता. खरा घाव पुढे बसला. 1898 साली आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत अॅल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडची चिवट साय धरते, जुनी झाळ तिच्यावर बसत नाही. आणि एका गोल चकतीतून यंत्राने अख्खे भांडे ओढून काढता येऊ लागल्यावर जोडाची गरजच संपली. 1980 च्या दशकात सेलमला स्टेनलेस स्टीलचा पत्रा तयार होऊ लागला, त्याआधीच हे वळण पक्के झाले होते. आवड बदलली हे खरे, पण भांड्यातून जोड गेला तसा जोडणाऱ्याचा रोजगारही गेला, आणि नव्या धातूत त्याच्या हाताला जागा राहिली नाही.

आज पातळ पत्रा माणसाच्या हाताने जोडला जातो तो मुख्यतः गॅरेजमध्ये. तिथेही निवड तीच आहे. सीओटू वेल्डिंगने ठिगळ लावायचे तर सलग ओढ घेत नाहीत. एक टाका इथे, दुसरा लांब तिथे असे थांबत थांबत जातात, मधल्या वेळात पत्रा निवू देतात. नाहीतर कडेला पायरी पाडून ठिगळ तिच्यात बसवतात आणि चिकटद्रव्याने धरून ठेवतात, म्हणजे आच लागतच नाही. तबकाच्या कडा खाचेत दाबणारा कारागीर या दुसऱ्या रीतीचे कारण लगेच ओळखेल, आणि घागरीचे पोट झाळणारा पहिल्या रीतीचे.